सातबाऱ्यात नसलेला सेन्सर

१७ मे २०२१. तौक्ते चक्रीवादळ मुंबईला थेट न भिडता समुद्रातूनच उत्तरेकडे सरकत होतं. बॉम्बे हायजवळ पी-३०५ ही बार्ज बुडाली ती याच वादळात. रात्री ते गुजरातच्या किनाऱ्यावर, दीव-उनाच्या पट्ट्यात शिरलं. त्या दिवसाचा डोंबिवलीतल्या हवेच्या दाबाचा आलेख माझ्याकडे आहे. आदल्या दिवसापासून रेघ खाली उतरत जाते, सकाळी उतार आणखी तीव्र होतो आणि मग रेघ तुटते. पुढे नुसता पांढरा पट्टा. रेघ पुन्हा उगवते ती दुसऱ्या दिवशी, दाब बराच वर चढल्यावर. वादळ सर्वांत जवळ असताना दाब कुठवर उतरला होता, नेमका तेवढाच तुकडा गायब.

लाइट गेली होती हे खरं, पण ती लवकर आलीही. संगणक आपोआप सुरू झाला, घड्याळ बरोबर होतं, नोंदी घेणारा प्रोग्रॅमही उठला होता. दर मिनिटाला तो एकच वाक्य लिहीत बसला होता: दाबाचा सेन्सर सापडत नाही. सेन्सर तर खिडकीजवळच्या डबीत जिथल्या तिथे होता. मीटर लावून पाहिलं, ३.३ व्होल्ट व्यवस्थित पोचत होते. दुसऱ्या दिवशी संगणक बंद करून पुन्हा चालू केला आणि काहीच घडलं नसल्यासारखे आकडे यायला लागले.

बिघाड कायमचा असेल तर शोधायला सोपा. येतो-जातो तो बिघाड माणसाला छळतो.

मी भौतिकशास्त्र शिकवते, आणि घरच्या घरी वायुभारमापक ठेवण्यामागे वर्गाचा विचार होता. आपल्या अक्षांशांवर हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास चढ, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास उतार. सूर्याच्या उष्णतेने सगळं वातावरण हेलकावतं, त्याची ही भरती-ओहोटी. फरक जेमतेम दोन-तीन हेक्टोपास्कलचा, पण साध्या आलेखात डोळ्यांना दिसणारा. वर्गातल्या मुलांना हे डोंबिवलीच्या हवेतच दाखवता येतं, त्यासाठी पुस्तकातली आकृती लागत नाही.

दुसरं कारण १८८२ सालचं. त्या वर्षी जूनमध्ये मुंबईवर महाभयंकर चक्रीवादळ येऊन लाखभर माणसं गेली, असं कित्येक याद्यांमध्ये छापलेलं आहे. जून २०२० मध्ये निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा ही माहिती पुन्हा सगळीकडे फिरली. पण कुलाब्याला त्या काळी वेधशाळा होती, शहरात वर्तमानपत्रं होती. अभ्यासकांनी शोध घेतला तेव्हा असं वादळ झाल्याचा पुरावाच मिळाला नाही. कागदावर वादळ आहे, हवेत ते कधी नव्हतंच. अशा वेळी वायुभारमापकाची जुनी नोंद सर्वांत भरवशाची साक्षीदार ठरते. आणि माझी साक्षीदार ऐन वेळी गप्प बसली होती.

या नोंदी घेणारा संगणक दुकानातून तयार आणलेला नव्हता. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे ग्रँट रोडच्या भडकमकर मार्गावर, औद्योगिक यंत्रांतून काढलेले छोटे मदरबोर्ड मिळतात. तसला एक इंटेलचा प्रोसेसर असलेला बोर्ड, पंखा नसलेलं कॅबिनेट, बारा व्होल्टचा अडॅप्टर आणि लिनक्स. बारा महिने चोवीस तास चालेल, आवाज करणार नाही आणि विजेचं बिल वाढवणार नाही, एवढीच अपेक्षा. बोर्डाच्या कोपऱ्यात एसएमबसच्या पिना बाहेर काढलेल्या होत्या. संगणक रॅमच्या कांडीला ‘तू किती जीबीची, किती वेगाची’ असं विचारतो ते याच दोन तारांवरून. तिथेच मी बॉश कंपनीचा बीएमपी२८० जोडला. ही चिप अडीच मिलिमीटर लांब आणि दोन मिलिमीटर रुंद. दाबातला ०.१२ हेक्टोपास्कलपर्यंतचा फरक ती विश्वासाने सांगते. उंचीच्या भाषेत साधारण एक मीटर. इमारतीचा अर्धा जिना चढलात तरी तिला कळतं.

तौक्तेनंतर संशयितांची यादी तयार झाली. पहिली तार: पावसाळी दमट हवेने पिना गंजल्या असतील. तार बदलली. दुसरा सेन्सर: नवा लावला. तिसरी वीज: अडॅप्टर बदलून पाहिला. प्रत्येक उपायानंतर काही दिवस सगळं सुरळीत चाले, मग कधी तरी लाइट जाई आणि परत आल्यावर सेन्सर नाहीसा होई. दर वेळी नव्हे, कधी कधीच. म्हणजे आपला उपाय लागू पडला की नुसतं नशीब चाललं, हे ठरवायला काही आधारच नाही.

कोरोनाचे निर्बंध सैल झाल्यावर रिक्षाने कल्याणला गेले. शिवाजी चौकाजवळच्या गल्लीत संगणक जोडून देणारे एक गृहस्थ आहेत, हात अतिशय सफाईदार. त्यांनी आधी रॅम काढली, खोडरबराने तिचे सोनेरी दात घासले आणि पुन्हा बसवली. या गल्लीत निम्मे आजार याच औषधाने बरे होतात. मशीन चालू केलं, सेन्सर दिसला. बंद करून चालू केलं, पुन्हा दिसला. आणखी एकदा केलं, गेला.

“मॅडम, बोर्ड लिनक्सला सपोर्ट करत नाही. विंडोज टाकून देतो.”

“पण मग मधूनमधून कसा चालतो?”

“तेच तर. सपोर्ट असता तर रोज चालला असता.”

हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखं वाटलं तरी त्यात एक खरा प्रश्न दडलेला होता. ‘सपोर्ट’ म्हणजे नक्की काय? चिप तीच, तारा त्याच, तिला ओळखणारा ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासून आहे. मग नक्की कमी काय पडतंय?

पहिला धागा सापडला तो जुन्या नोंदी चाळताना. सुरू होताना लिनक्स संगणकातल्या अशा दोन-तारी बसना क्रमांक देतो: शून्य, एक, दोन. माझ्या संगणकात या बस अनेक होत्या, कारण चित्र दाखवणारा भाग मॉनिटरशी बोलायला स्वतःच्या तशाच तारा ठेवतो. मॉनिटरचं नाव आणि मापं तो त्यांवरून विचारून घेतो. ज्या दिवशी सेन्सर दिसला त्या दिवशी एसएमबसला शून्य क्रमांक मिळालेला होता. ज्या दिवशी हरवला त्या दिवशी शून्य क्रमांक चित्राच्या भागाने पटकावलेला होता आणि एसएमबस मागे ढकलली गेली होती. दोन्ही ड्रायव्हर एकाच वेळी उठतात. आधी कोण पोचेल ते काही मिलिसेकंदांवर ठरतं. सुरुवातीची आज्ञा मात्र दर वेळी तीच: ‘शून्य क्रमांकाच्या बसवर, ७६ या पत्त्यावर बीएमपी२८० आहे.’

म्हणजे वादळाच्या दिवशी संगणक माझा वायुभारमापक मॉनिटरच्या केबलमध्ये शोधत बसला होता.

ठाण्याला नौपाड्यात माझा मावसभाऊ राहतो. यंत्रांच्या आतले छोटे संगणक घडवण्यात त्याचं नोकरीचं आयुष्य गेलं. त्याला फोन केला.

“दादा, क्रमांकाऐवजी नावावरून बस शोधणाऱ्या चार ओळी लिहिल्या तर?”

“चालतील की. पण तुला आकडे हवेत की कारण हवंय?”

“दोन्ही.”

“मग मशीन घेऊन ये. आणि तोवर ती बस सरसकट चाचपत बसू नकोस. रॅमची माहिती त्याच तारांवर असते. चुकून तिच्यावर काही लिहिलं गेलं तर मशीन उठायचंच नाही.”

लोकल तेव्हा सर्वांना खुली नव्हती. दोन डोस झालेल्यांसाठी ती १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली, आणि त्यानंतर कापडी पिशवीत संगणक घालून मी ठाण्याला गेले.

दादाने सुरुवात मुळापासून केली. यूएसबीचा पेनड्राइव्ह लावला की तो स्वतःच आपली ओळख सांगतो: अमुक कंपनीचा, अमुक प्रकारचा. पीसीआयवरचं कार्डही सांगतं. या दोन तारांवरच्या चिपा मात्र मुक्या. पत्त्यावर हाक मारली की ‘ओ’ देतात, नाव सांगत नाहीत. ७६ या पत्त्यावर माझा वायुभारमापक असू शकतो किंवा भलतंच काही. (हे ७६ सोळाच्या पायावरच्या अंकलेखनातलं, आपल्या नेहमीच्या मोजणीत ११८.) त्यामुळे कुठल्या तारेवर, कुठल्या पत्त्यावर कोण बसलंय, हे संगणकाला कुणीतरी आधी लिहून द्यावं लागतं. मोबाइलमध्ये हे काम डिव्हाइस ट्री नावाची यादी करते. पीसीमध्ये ते काम एसीपीआयच्या तक्त्यांचं.

हे तक्ते मदरबोर्डच्या बायोसमध्ये असतात. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून त्यांचं पहिलं प्रमाण प्रसिद्ध केलं. २०१३ पासून ते यूईएफआय फोरमच्या ताब्यात आहे. त्याआधी संगणक झोपवायचा, उठवायचा, पंखा फिरवायचा ही कामं बायोस आपल्या मर्जीने करी आणि ऑपरेटिंग सिस्टिमला त्याचा पत्ता नसे. एसीपीआयने कारभार ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती दिला आणि बायोसला सांगितलं, तू फक्त दप्तर सांभाळ. या दप्तरातला मुख्य तक्ता म्हणजे डीएसडीटी. बोर्डावर काय काय आहे, कुणाच्या हाताखाली काय आहे, कुणाला कसं झोपवायचं आणि कसं उठवायचं, सगळं त्यात. नुसती यादी नाही, छोटे छोटे प्रोग्रॅमही त्यात असतात आणि लिनक्स किंवा विंडोज ते वाचून चालवतं. पुरवणी जोडायची तर एसएसडीटी नावाचे आणखी तक्ते.

“म्हणजे डीएसडीटी हा बोर्डाचा सातबारा,” मी म्हणाले.

“आणि एसएसडीटी हा फेरफार. जमीन तुझी, कसतेस तू, पण उताऱ्यावर नाव नाही. मग तलाठ्यासमोर कितीही ओरड.”

ठाणे जिल्ह्यात वाढलेल्या कोणालाही यापुढे समजावून सांगावं लागत नाही.

लिनक्समध्ये हे तक्ते कुणालाही काढून घेता येतात, आणि इंटेलच्याच आयएएसएल या मोफत साधनाने त्यांचं वाचता येईल अशा मजकुरात रूपांतर होतं. दादाने माझ्या बोर्डाचा डीएसडीटी उघडला. हजारो ओळी. पहिल्या काही पानांतच एक चमत्कारिक प्रश्नमाला दिसली. तक्ता चालवणाऱ्याला विचारत होता: तू विंडोज २००१ आहेस का? विंडोज २००६? २००९? २०१२? २०१५? या नावांच्या मागे एक्सपी, व्हिस्टा, सात, आठ आणि दहा या आवृत्त्या आहेत. सर्वांत शेवटी एक प्रश्न: तू लिनक्स आहेस का?

कल्याणच्या दुकानातलं वाक्य मला आठवलं. लिनक्स आहे असं कळल्यावर हा बोर्ड मुद्दाम काही लपवतो की काय?

हा संशय फक्त आमचा नव्हता. २४ जानेवारी १९९९ रोजी बिल गेट्स यांनी आपल्या सहकाऱ्यांना एक ई-मेल लिहिली होती. एसीपीआयवर आपण एवढी मेहनत करायची आणि लिनक्सने ते आयतं वापरायचं, हे त्यांना खटकत होतं. हे काही तरी करून विंडोजपुरतं ठेवता येईल का, असा त्यांचा प्रश्न होता. पुढे अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका खटल्यात ही ई-मेल पुरावा म्हणून उघड झाली. नंतर जुलै २००८ मध्ये फॉक्सकॉनच्या एका मदरबोर्डच्या मालकाने आपल्या बोर्डाचा डीएसडीटी उलगडला, त्यात लिनक्सची वेगळी वाट पाहिली आणि कंपनी लिनक्सला जाणूनबुजून पाडते आहे असा आरोप केला. जगभर गदारोळ उठला. लिनक्सच्या ऊर्जा-व्यवस्थापनावर काम करणाऱ्या मॅथ्यू गॅरेट यांनी तो तक्ता ओळीओळीने तपासला. त्यांचा निष्कर्ष साधा होता: कट नाही, निष्काळजीपणा आहे. कारण लिनक्स त्या प्रश्नमालेला उत्तर देताना ‘हो, मी विंडोजच’ असंच सांगतो. बोर्डवाले फक्त विंडोजवर तपासून माल बाजारात पाठवतात, तेव्हा तपासलेल्या वाटेनेच जाणं शहाणपणाचं, हे लिनक्सवाले अनुभवाने शिकले होते. लिनक्ससाठी लिहिलेल्या त्या वाटेवर कुणी पाऊलच टाकत नव्हतं.

आम्हीही तसंच तपासलं. माझ्या बोर्डावर त्या प्रश्नांच्या उत्तरांवर झोपेच्या आणि यूएसबीच्या काही गोष्टी अवलंबून होत्या. एसएमबसचा त्या कुठल्याच फांदीशी संबंध नव्हता. विंडोज टाकलं असतं तरी उताऱ्यात सेन्सरचं नाव आपोआप आलं नसतं.

मग फेरफाराचा मसुदा करायला बसलो. या प्रकारचे नमुने ठरलेले असतात: ‘पीसीआय० च्या हाताखाली एसबीयूएस नावाचा एसएमबस नियंत्रक आहे, त्याच्या हाताखाली, ७६ या पत्त्यावर, एक नवं उपकरण धर.’ उपकरणाला ओळख कोणती द्यायची, हाही प्रश्न होता. एसीपीआयमध्ये प्रत्येकाला नोंदणीकृत ओळखपत्र लागतं आणि माझ्या चिपेसाठी तसं अधिकृत काही नव्हतं. त्यावर एक सुरेख तोड आहे. पीआरपी०००१ ही ओळख दिली की लिनक्स समजतो: याचं खरं नाव मोबाइलवाल्यांच्या डिव्हाइस ट्रीच्या भाषेत लिहिलंय, ते खाली वाच. तिथे लिहायचं ‘बॉश, बीएमपी२८०’. या दोन शब्दांवरून योग्य ड्रायव्हर आपणहून धावत येतो.

मसुदा संकलित केला. आयएएसएल प्रत्येक तक्त्याला ३६ बाइटचं शीर्ष लावतं आणि त्यात एक तपासणी-अंक असा बसवतं की तक्त्यातल्या सगळ्या बाइटची बेरीज २५६ ने निःशेष भागली जावी. एक बाइट जरी बदलला तरी चूक पकडली जाते. तक्ता चालत्या लिनक्सला दिला. उत्तर एका ओळीत आलं: एसबीयूएस सापडत नाही.

“यांच्याकडे त्याचं नाव वेगळं असेल,” दादा म्हणाला. बोर्डवाले नावं आपल्या मनाने ठेवतात. म्हणून नावाऐवजी जागेवरून शोधलं. माझ्या पिढीच्या इंटेल बोर्डांवर एसएमबस नियंत्रक १एफ क्रमांकाच्या जागेवर, चौथ्या उपविभागात बसतो. डीएसडीटीमध्ये १एफ चा शून्य उपविभाग होता, जुन्या मंदगती पोर्टचा. तिसरा होता, आवाजाचा. चौथा नव्हता. पुन्हा शोधलं. नव्हताच. लिनक्स प्रत्येक पीसीआय उपकरणापुढे त्याच्या एसीपीआय नोंदीचा दुवा ठेवतो, तोही तिथे गैरहजर होता.

इथे सगळं उलगडलं. नोंद नव्हती ती फक्त माझ्या सेन्सरची नव्हे. ज्या नियंत्रकाला तो जोडलेला होता, त्या नियंत्रकाचीच नोंद नव्हती. आणि तरी कुणाचं काही अडलं नव्हतं. नियंत्रक पीसीआयवरचा असल्याने तो स्वतःची ओळख स्वतः देतो, त्याचा ड्रायव्हर नीट चालतो, रॅमची माहिती मिळते, संगणक उठतो. त्या तारांवर बाहेरून कुणी काही जोडेल, हे उतारा लिहिणाऱ्याच्या मनातच आलं नसावं. पिना मात्र बोर्डावर काढून ठेवल्या होत्या. ज्यांनी पिना बसवल्या आणि ज्यांनी तक्ता लिहिला, ती माणसं वेगळी असणार.

दुरुस्तीही आता स्पष्ट दिसत होती. आधी पीसीआय० च्या खाली, १एफ च्या चौथ्या जागेवर, एसबीयूएस ही नोंद नव्याने उघडायची. मग तिच्या पोटात वायुभारमापक. पंचवीसेक ओळी. पण चालत्या लिनक्सला हाताने तक्ता देऊन भागणार नव्हतं. लाइट गेली की तो जातो. सुरू होतानाच लिनक्सला तो मिळावा म्हणून सुरुवातीच्या फाइलसंचात सर्वांत पुढे, कॉम्प्रेस न केलेल्या स्वरूपात, ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवावा लागतो.

ठेवला, संगणक पुन्हा सुरू केला. सेन्सर नाही. नोंदी वाचल्या तर लिनक्स सांगत होता: कर्नल लॉकडाउनमध्ये आहे, तक्त्यांतले बदल दुर्लक्षित.

“इथेही लॉकडाउन,” दादा हसला. पण त्यामागचं कारण गंभीर आहे. तक्त्यांतले छोटे प्रोग्रॅम कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, अधिकाराने चालतात आणि थेट मेमरीला हात लावू शकतात. २००६ मध्ये जॉन हीसमन या सुरक्षातज्ज्ञाने ब्लॅक हॅट परिषदेत दाखवून दिलं होतं की एसीपीआयच्या तक्त्यात घुसखोर प्रोग्रॅम लपवता येतो आणि हार्ड डिस्क बदलली तरी तो टिकतो. म्हणून सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होताना फक्त सही असलेलेच प्रोग्रॅम चालू देणारी सोय, चालू असेल तर लिनक्स बाहेरचा तक्ता स्वीकारत नाही. खोटा फेरफार रोखायला ही व्यवस्था आहे. खऱ्यालाही ती त्याच दारात अडवते. या यंत्रात हवेच्या दाबाखेरीज काही नाही, ना बँक, ना पत्रव्यवहार. म्हणून त्याच्यापुरतं सिक्युअर बूट बंद केलं. रोजच्या वापराच्या लॅपटॉपवर मी ते केलं नसतं.

पुन्हा चालू केलं. नोंदींत ओळ आली: नवा एसएसडीटी बसवला. खाली आणखी एक: पीआरपी०००१ ओळखीचं उपकरण मिळालं. ड्रायव्हरने चिपेला तिचा आतला क्रमांक विचारला, तिने ५८ असं उत्तर दिलं, आणि ते बीएमपी२८०चंच असतं. दाबाचा आकडा किलोपास्कलमध्ये समोर आला. आता मुद्दाम अडॅप्टर ओढून लाइट घालवली. पुन्हा, पुन्हा. मध्येच एकदा एसएमबसचा क्रमांक घसरून मागे गेला, त्याचीच आम्ही वाट पाहत होतो. आकडे येतच राहिले. क्रमांक काही का असेना, उताऱ्यावर आता जागेचा पत्ता होता.

घरी आल्यावर खरी कसोटी मी आकाशावर सोपवली. यंत्र नुसते आकडे देतं आहे की हवेचा दाब देतं आहे? काही दिवसांचे आलेख एकावर एक ठेवले. दहाला चढ, चारला उतार, पुन्हा दहाला चढ, पुन्हा चारला उतार. मधे लाइट गेल्याच्या खुणा होत्या, पण त्यानंतरची रेघ जिथे असायला हवी तिथूनच पुढे निघत होती.

कल्याणच्या गृहस्थांना जाऊन सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे बोर्ड ओके होता.”

“बोर्ड ओके, तारा ओके, सेन्सर ओके.”

“मग मॅडम, आता सेन्सर काढला तर?”

प्रश्न चोख होता. सेन्सर काढला तर नोंद तशीच राहील. लिनक्स त्या पत्त्यावर वायुभारमापक आहे असंच धरून चालेल, ड्रायव्हर पाठवेल, ड्रायव्हरला उत्तर मिळणार नाही आणि तो परत फिरेल. १८८२ च्या वादळाची ही घरगुती आवृत्ती: उताऱ्यावर आहे, जागेवर नाही. फरक एवढाच की इथे ड्रायव्हर प्रत्येक वेळी जाऊन ५८ हा आकडा विचारतो. याद्या छापणाऱ्यांनी तेवढं केलं असतं तर त्या वादळात लाखभर माणसं मेली नसती.

तौक्तेचा पांढरा पट्टा मी तसाच ठेवला आहे. दोन टोकं जोडून रेघ ओढणं सोपं आहे, आणि पुढे कुणीतरी तीच खरी धरणार. वर्गात हा आलेख दाखवताना मुलं आधी पट्ट्याबद्दलच विचारतात, मग दाबाबद्दल. पट्ट्याचं उत्तर आता देता येतं.

पुढच्या पावसाळ्याआधी दादाने ठाण्यातही तसाच सेन्सर बसवायचं ठरवलं. नौपाड्यात आणि डोंबिवलीत वादळाची घसरण किती अंतराने दिसते, ते पाहायचं होतं. त्याने माझ्याकडे तयार फाइल मागितली. मी पाठवली आणि त्याच्या संगणकाने ती नाकारली. त्याचा बोर्ड वेगळा. तिथे एसएमबस नियंत्रकाची नोंद आधीपासून होती, फक्त भलत्याच नावाने, त्यामुळे माझी नवी नोंद तिच्यावर आदळत होती. त्याला माझ्या पंचवीस ओळींपैकी वरच्या खोडून खालच्याच ठेवाव्या लागल्या, आणि नियंत्रकाचं नाव त्याच्या उताऱ्यातलं घालावं लागलं.

“काय गं, एका गावचा फेरफार दुसऱ्या गावाला चालत नाही?” त्याने फोनवर विचारलं.

चालत नाही. बायोस अपडेट केला तर त्याच गावालाही चालेल याची खात्री नाही. नावं बदलू शकतात. म्हणून आता घरात नियम आहे: बायोसला हात लावला की आधी नवा उतारा काढायचा, वाचायचा, मग सेन्सरला दोष द्यायचा.